मागच्या बाकावरून गाडी चालव

हेवीचं लायसन काढायच्या आधी एक काम कर, पोरी. तालुक्याहून वाडीवस्तीला जाणारी एखादी साधी लाल गाडी पकड आणि मुद्दाम शेवटच्या बाकावर बस. पुढे जागा रिकामी असली तरी मागेच बस. तासाभरात तुला एसटी चालवायच्या या नोकरीतलं निम्मं कळेल.

ड्रायव्हरला खड्डा आधी दिसतो, त्यामुळे तो सावरून बसतो. मागच्या आजीला खड्डा कळतो तो बूड बाकावरून सुटल्यावर. शेवटचं बाक मागच्या चाकांच्याही मागे, त्यामुळे चाक हातभर उचललं तर बाक दीड हात उचलतं. मला गाडी शिकवली त्या जुन्या ड्रायव्हरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘स्टेअरिंग पुढं असलं तरी गाडी मागच्या बाकावरून चालवायची.’ पुढे नोकरीत मी जे जे शिकलो ते सगळं याच एका वाक्यात बसतं, म्हणून तुला आधी तेच सांगतो.

गतिरोधकाचंच बघ. नवा पोरगा पुढचं चाक जपून चढवतो, ते उतरलं की सुटल्यासारखा पाय दाबतो. मागचं चाक अजून यायचं असतं. ते दाणकन आपटतं आणि मागून शिव्या येतात. पुढचं चाक उतरलं तरी पाय तसाच ठेव, मनात एक-दोन मोज, मागचं चाक उतरल्याचं अंगाला कळू दे आणि मग वेग घे. हे जमलं तर प्रवासी तुझं नाव काढणार नाहीत, आणि या नोकरीत नाव न निघणं चांगलंच.

कागदांचं लवकर सांगून टाकतो. ट्रान्सपोर्टच्या लायसनला वय २० पूर्ण लागतं आणि त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन किमान वर्षभराचं जुनं लागतं. तुझं आहे. एसटीत आता बहुतेक चालक तथा वाहक अशी भरती होते, म्हणून प्रवासी वाहनाचा बॅज आणि वाहकाचा परवाना दोन्ही काढून ठेव. उंची, डोळे, शिक्षण, अनुभव यांच्या अटी आणि बायकांना मिळणारी सवलत दर जाहिरातीत थोडी बदलते. जाहिरात स्वतः वाच, मित्राच्या मित्रानं सांगितलेलं ऐकू नको. आणि भरती निघाली की चहाच्या टपरीवर एक माणूस हमखास उगवतो. त्याची वरपर्यंत ओळख असते आणि त्याला काही लाख हवे असतात. त्याला चहासुद्धा पाजू नको. चाचणीत आठचा आकडा काढायचा असतो, चढावर थांबून गाडी मागे न घसरू देता पुन्हा काढायची असते, रिव्हर्सला दांड्यांच्या मधून न्यायची असते. यातलं काहीच कुणाच्या ओळखीनं होत नाही.

कंत्राटी भरती असेल तर कागद दोनदा वाच. पगार कोण देणार, पीएफ कापणार की नाही, विमा कुणाचा, अपघात झाला तर वकील कोण लावणार, हे सही करायच्या आधी विचार. नंतर विचारलंस तर प्रत्येक खिडकी दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवते.

अनुभवासाठी टेम्पो, ट्रक किंवा शाळेची गाडी चालव. शाळेची गाडी मिळाली तर उत्तमच, कारण मालाला कंबर नसते. ट्रकवरून आलेल्या पोरांचा हात पक्का असतो, गाडीवर जरबही असते, पण ब्रेक कसा लावायचा ते त्यांना नव्यानं शिकावं लागतं. ट्रकमध्ये ब्रेक लागला की काम झालं. एसटीत मधल्या पट्टीत पंधरा माणसं उभी असतात, एका हातात दांडा, दुसऱ्या हातात पोर. काठोकाठ भरलेली कळशी डोक्यावर असताना आपण थांबतो तशी गाडी थांबव. आधी हलका, मग पुरेसा आणि शेवटच्या हातभर अंतरात पुन्हा हलका. शेवटी पाय ढिला केला नाहीस तर गाडी थांबते आणि माणसं पुढे जातात.

डेपोत गाडी ताब्यात घेताना घाई करायची नाही. मागचा ड्रायव्हर ‘गाडी झकास आहे’ म्हणतो. तो घरी निघालेला असतो, त्याला सगळंच झकास दिसतं. तू गाडीभोवती एक चक्कर मार. पान्हा हातात घेऊन प्रत्येक टायरवर एक ठोका दे. भरलेला टायर टण्ण वाजतो, उतरलेला बद्द वाजतो. मागे जोडटायर असतात, त्यातला आतला बसलेला असला तरी बाहेरच्याच्या जिवावर गाडी उभी राहते, नुसत्या नजरेला कळत नाही. दोन टायरांच्या फटीत दगड अडकलाय का बघ. तो वेगात सुटला तर मागच्या मोटारसायकलवाल्याच्या कपाळावर बसतो. नटांजवळ गंजाचा ओघळ दिसला तर नट ढिला असेल असं समज. खाली तेलाचा डाग आहे का, आरसे कुणी हलवलेत का, वायपरचं रबर आहे का, ते बघ. वायपर पावसाळ्यात बघायचा नसतो, मे महिन्यात बघायचा असतो.

मग इंजिन सुरू करून हवेचा काटा चढेपर्यंत थांब. हवा भरली नाही, बझर वाजतोय, तरी मागून डबल बेल पडते, कंट्रोलर हात करतो. पडू दे, करू दे. हवा नाही म्हणजे ब्रेक नाही. नवीन गाड्यांमध्ये युरियाच्या टाकीचाही दिवा असतो, तो पेटलेला घेऊन डेपोबाहेर पडू नको. काही दोष दिसला तर तोंडी सांगून थांबू नको, लिहून दे. ‘ब्रेक लागत नाही’ असं मोघम लिहू नको. ‘ब्रेक लावल्यावर गाडी डावीकडे ओढते’ असं लिही. मेकॅनिकला नेमकं सांगितलं की तो नेमकं शोधतो, आणि उद्या काही झालंच तर तू सांगितलं होतंस याला कागद राहतो.

आता घाट. इथे जरा बसून ऐक.

माझं बरंचसं आयुष्य कुंभार्लीत गेलं. कराडहून पाटण, कोयनानगर मागे टाकलं की घाटमाथा येतो आणि तिथून खाली पोफळी, चिपळूण. चढताना गाडी दमते आणि उतरताना ड्रायव्हर दमतो. जुने लोक सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा. ते त्या गाड्यांसाठी बरोबर होतं. आताच्या इंजिनात ताकद जास्त आहे, ती वरच्या गिअरमध्येही चढून जाते. म्हणून माझा सल्ला त्यात थोडा बदल करून घे: चढलीस त्याच्याही एक गिअर खाली उतर. वेळ पाच-सात मिनिटं जास्त लागेल. गाडी इंजिननं धरली पाहिजे, ब्रेक फक्त वळणापुरता.

गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. उतारावर वेग घेतल्यावर खालचा गिअर टाकायला गेलीस तर दात बसत नाहीत, वरचा निघालेला असतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये सुसाट सुटते. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे तुला भेटतील, त्यातले काही तुझ्या डेपोतले सन्मानाचे लोकही असतील. त्यांना नमस्कार कर आणि तुझी गाडी गिअरमध्येच ठेव. इंजिन बंद करून उतरणं तर आणखी वाईट. हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो आणि पॉवर स्टेअरिंगही इंजिनवरच. गाडीला स्पीड लॉक आहे म्हणून निर्धास्त राहू नको, लॉक डिझेल तोडतो, उताराला तोडत नाही.

ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरलं की ड्रम तापतात. आधी जळका वास येतो, मग पेडल लागतं पण गाडी ऐकत नाही. वास आला की लाज न बाळगता सुरक्षित जागी बाजूला घे आणि निवू दे. चाकावर गार पाणी ओतू नको, ड्रमला तडा जातो. प्रवासी कुरकुरतील. त्यांना खरं सांग, ‘ब्रेक तापलेत, पंधरा मिनिटं थांबतोय.’ खरं सांगितलं की आपली माणसं बहुतेक वेळा ऐकतात. उलट तेच मग चहाची टपरी कुठे आहे ते तुला दाखवतात.

अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली तर थांबायचं उतरणाऱ्यानं. नियमही तोच आहे आणि अक्कलही तीच सांगते, कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा काढणं अवघड असतं. हेअरपिनला आधी हॉर्न, रात्री डिपर, आणि वळण बाहेरून घ्यायचं. तू बसतेस ती जागा पुढच्या चाकावर किंवा त्याच्याही पुढे असते, त्यामुळे तुझं नाक दरीवर गेलं तरी चाक अजून रस्त्यावर असतं. पहिल्या दिवशी पोटात गोळा येतो, मग सवय होते. मागचं चाक मात्र आतल्या बाजूनं कापत येतं, ते गटारात गेलं की गाडी बसली. आणि मागचा कोपरा उलट्या बाजूला झोक घेतो. डावीकडे कडक वळलीस की मागचा उजवा कोपरा बाहेर फिरतो. स्टँडवर, बाजारात हाच कोपरा माणसाला लागतो, ड्रायव्हर पुढे बघून निघून गेलेला असतो. शेवटचं बाक का म्हटलं ते इथेही कळेल.

पावसाचंही ऐकून ठेव. पहिला पाऊस सगळ्यांत वाईट. वर्षभराचं तेल, रबर, धूळ रस्त्यावर असते आणि तासभर त्याचा चिखल होतो. आषाढात धुऊन गेलेला रस्ता त्यापेक्षा बरा. आंबोली, आंबेनळी घाटात धुकं असतं तेव्हा हेडलाइट वर टाकू नको, पांढरी भिंत दिसते. खाली ठेव आणि डावी कड धरून चाल. दरडीच्या जागा तुला वाहकापेक्षा गावातले लोक चांगल्या सांगतील. रस्त्यावर सुपाएवढी जरी माती आलेली दिसली तरी वर बघ.

पुलावरून पाणी चाललं असेल तर गाडी घालायची नाही. पुढचा ट्रक गेला तरी नाही, प्रवासी ‘घाला हो मॅडम, काही होत नाही’ म्हणाले तरी नाही. पाण्याखाली रस्ता आहे की खचलाय, ते दिसत नाही. महाडजवळ सावित्रीचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, त्यात आपल्या दोन गाड्या गेल्या. त्या अंधारात त्या चालकांना काही कळायला वावच नव्हता, त्यांना बोल लावणाऱ्याला मी सरळ गप्प करतो. पण पाणी समोर दिसत असताना थांबणं आपल्या हातात आहे.

पठारावर संकट वेगळं. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर सगळीकडे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. मागे ना दिवा, ना चमकणारी पट्टी, आणि ऊस बाजूनं हातभर बाहेर आलेला. रात्री समोरच्या गाडीच्या उजेडात ती ट्रॉली नाहीशीच होते. समोरून दिवे आले की पाय काढ, डोळे डाव्या कडेला ठेव. सुगीत लोक रस्त्यावर सोयाबीन, ज्वारी वाळत घालतात, कडेला दगड मांडतात. चिडू नको, वळसा घाल. त्यांच्यातलंच कुणीतरी उद्या तुझ्या गाडीत बसणार आहे.

झोप. यावर मी भांडतो. कायद्यात दिवसाला साधारण ८ तास काम, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं १९६१ पासून लिहिलेलं आहे. कागदावरचं आणि रस्त्यावरचं जुळत नाही हे तुला पहिल्या महिन्यातच दिसेल, डबल ड्युटीला नकार द्यायला जीभ अडखळेल. तरी पहाटे दोन ते चार या वेळात स्वतःवर विश्वास ठेवू नको. जांभई आली की चहा, दुसरी आली की तोंडावर पाणी, असं लोक करतात. चहानं डोळे उघडे राहतात, आतला माणूस झोपलेलाच असतो. वाहकाला सांगून सुरक्षित जागी गाडी लाव आणि वीस मिनिटं डोकं टेक. सरळ, रुंद रस्त्यावर तर जास्त जप. समृद्धी महामार्गावर वळण नाही, खड्डा नाही, कुत्रंही नाही, त्यामुळे मेंदूला करायला काहीच राहत नाही. तिथे १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. बहुतेक प्रवासी झोपेत होते, दाराची बाजू खाली दबली होती.

म्हणून गाडी ताब्यात घेताना ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ असं लिहिलेली ती खिडकी उघडते का, ते स्वतः उघडून बघ. बऱ्याचदा तिथे रंगाचे थर चढलेले असतात किंवा कुणाचं तरी पोतं टेकवलेलं असतं. आग विझवायचं नळकांडं कुठे आहे, त्याची पिन कशी निघते, हे वाहकालाही दाखव.

वाहकाचं आलंय तर सांगतो. तुझी निम्मी नोकरी त्याच्या हातात आहे. फलाटावरून गाडी रोज रिव्हर्सलाच काढायची असते, आणि तो मागे उभा असल्याशिवाय गाडी तसूभर मागे घ्यायची नाही. त्याचा आवाज येतोय पण तो आरशात दिसत नाही, तरी नाही. सकाळी त्याच्याशी भांडण झालं तर दिवसभर बेल उशिरा पडते आणि उशीर तुझ्या नावावर लागतो. डबल बेल पडली तरी आरशात एकदा बघ. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना तिकीट नाही, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत म्हातारी माणसं आणि पोरं कडेवर घेतलेल्या बाया जास्त चढतात. पहिली पायरी त्यांच्या गुडघ्याएवढी असते. एक पाय वर, एक पाय जमिनीवर अशा माणसाला बेल ऐकू येत नाही.

आता तुझ्यासाठी वेगळं थोडं. जून २०२३ मध्ये सासवड–नीरा गाडी एसटीच्या महिला चालक अर्चना अत्राम यांनी चालवली, तेव्हा पेपरात फोटो आले. तू जाशील तेव्हा फोटो येणार नाहीत, नुसत्या नजरा येतील. पहिले काही दिवस माणसं चढताना दचकतील, कुणी म्हातारा ‘जपून गं बाई’ म्हणेल, कुणी ‘आता देवच आहे’ म्हणून खिदळेल. उत्तर देऊ नको. गतिरोधकावर मी सांगितलं तसं चालव, तिसऱ्या दिवशी तोच म्हातारा तुझ्या मागची जागा धरील. पाणी कमी पिऊ नको. स्टँडवर नीट मोरी नाही म्हणून बायका पाणी टाळतात आणि मग मुतखडा, जळजळ सुरू होते. मार्गावरचं कुठलं स्टँड, कुठला पेट्रोलपंप, कुठलं हॉटेल स्वच्छ आहे हे आधीच्या बायकांकडून विचारून वहीत लिहून ठेव. मुक्कामाची गाडी लागली तर झोपायची सोय काय, कडी आतून लागते का, दिवा आहे का, हे डेपोतच विचार. आम्ही समाजमंदिरात, गाडीच्या बाकावर, कुठेही पथारी टाकायचो. तू टाकायची नाहीस. सोय नसेल तर ड्युटी बदलून माग, लेखी माग.

अपघात होऊ नये, पण झाला तर काय करायचं ते आधीच ठरलेलं असू दे, त्या क्षणी डोकं चालत नाही. गाडी बंद, मागच्या दिव्यांची उघडझाप चालू, जखमींना जवळच्या दवाखान्यात पोचवायची व्यवस्था, मग पोलीस आणि डेपो. जमाव अंगावर येतोय असं दिसलं तर तिथे शूरपणा करू नको, सरळ पोलीस ठाणं गाठ. कायदाही तेवढी सूट देतो. चूक कुणाची यावर रस्त्यात एक शब्द बोलू नको. गाडी, रस्ता, चाकांच्या खुणा यांचे फोटो वाहकाला काढायला सांग. एरवी तुझा फोन गाडी चालताना त्याच्याच पेटीत राहू दे.

खाणं घरचं ने. घाटाआधी भजी, मिसळ नको, ऊन आणि तेल मिळून झोप येते. पाठीसाठी उशी घेतेस तर कमरेला लाव, बुडाखाली नको, उंची बदलली की आरशातलं सगळं बदलतं. रोज संध्याकाळी थोडं चाल. साखर आणि डोळे वर्षातून एकदा तपासून घे, डेपोच्या शिबिराची वाट बघू नको, आणि चष्मा लागला तर लपवू नको. माझ्या बरोबरीचे काही जण नोकरी जाईल या भीतीनं अंदाजानं चालवत होते. चष्मा लावून गाडी चालवता येते.

विजेच्या गाड्या आल्यात. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे–अहमदनगर धावली, त्याच मार्गावर १ जून २०२२ ला विजेची शिवाईही निघाली. मी ती चालवलेली नाही, म्हणून तिच्या बॅटरीबद्दल मला विचारू नको. प्रवासी म्हणून बसलोय, अर्थात मागच्या बाकावर. एक लक्षात आलं: तिचा आवाज येत नाही, त्यामुळे स्टँडवर लोक पाठ करून तसेच उभे राहतात. तिथे आपल्या जुन्या गाडीच्या सवयीनं पुढे सरकू नको, हलका हॉर्न दे. आणि पाय काढला की ती स्वतःच धरते, मागचे लोक पुढे झुकतात. तिचं पेडल एकदम सोडू नको, हळूहळू सोड.

ट्रान्सपोर्टचं लायसन दर ५ वर्षांनी नव्यानं करावं लागतं आणि डॉक्टरचा दाखला लागतो. तारीख फोनमध्ये नको, फोन हरवतात. घरातल्या दिनदर्शिकेवर लिही. संपायच्या आधी वर्षभर अर्ज करता येतो. डेपोतला बाबू आठवण करील या भरवशावर राहू नको, त्याला त्याच्याच रजेची तारीख आठवत नाही.